साइट उघडत नाही. कुलूप कुणी लावलं?

घरच्या कॉम्प्युटरवर एखादी साइट अचानक उघडेनाशी झाली की आपल्या वस्त्यांमध्ये साधारण दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, ‘सरकारने बंद केली असणार.’ दुसरी, ‘जाऊ दे, नंतर बघू.’ पहिलीत शंका आहे, दुसरीत कंटाळा आहे. पण दोन्हींचा शेवट एकाच जागी होतो. कुलूप नेमकं कुणी लावलं, हे कुणीच शोधत नाही.

शंकेला काही आधार नाही असं मी म्हणणार नाही. भाड्याने खोली मागताना नाव सांगितलं की ‘खोली कालच गेली’ हे ऐकण्याची ज्यांना सवय झाली आहे, ते बंद दार पाहिल्यावर आधी दारामागच्या माणसाचा विचार करणारच. मात्र शंका ही शोधाची सुरुवात असते, निकाल नसतो. आपण बहुतेक वेळा तिलाच निकाल समजतो, तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि तासाभरात ‘अमुक साइट बंद केली’ ही खबर मोहल्लाभर होते. खरं कारण कदाचित त्या एका कॉम्प्युटरचं चुकलेलं घड्याळ असतं.

हा विषय आता चैनीचा राहिलेला नाही. हजचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर असतो. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. पोर्टल संथ चालत असल्याच्या तक्रारी तेव्हा देशभरातून आल्या. अशा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या मुतवल्लीच्या घरी साइट उघडत नसेल, तर दोष पोर्टलचा आहे की त्याच्या कॉम्प्युटरचा, हे दहा मिनिटांत समजणं गरजेचं आहे. दोष घरातला असेल तर तो दूर करून अर्ज भरता येतो. बाहेरचा असेल तर पुरावा जमवून मुदतवाढ मागता येते. काहीच माहीत नसेल तर फक्त हळहळ उरते.

माझं म्हणणं साधं आहे. साइट पाच ठिकाणी अडू शकते. ब्राउझरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, घरातल्या वायफायच्या राउटरवर, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे किंवा खुद्द साइटच्या बाजूला. पहिल्या तीन कुलपांच्या चाव्या आपल्याकडेच असतात. ती तीन तपासली, की उरलेल्या दोघांना ठामपणे प्रश्न विचारता येतो. त्याआधी विचारलेला प्रश्न कस्टमर केअरवाला ‘कॉम्प्युटर बंद करून चालू करा’ म्हणत एका वाक्यात उडवून लावतो.

तपासणीची सुरुवात कॉम्प्युटरपासून नाही, मोबाइलपासून करायची. फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. तिथेही उघडली नाही तर साइटच पडलेली असू शकते किंवा बंदी सगळीकडे असू शकते. मोबाइलवर उघडली, तर आता वायफाय लावून त्याच फोनवर पुन्हा पाहा. वायफायवर अडली तर दोष राउटरचा किंवा त्या कंपनीच्या लाइनचा. वायफायवरही चालली तर दोष तुमच्या कॉम्प्युटरच्या आतच आहे. पैसे न लागणाऱ्या या दोन चाचण्यांनी शोध बराच सोपा होतो. पण आपण यातलं काही न करता थेट दुकानदाराला फोन लावतो आणि तो ‘विंडोज नवीन टाकावं लागेल’ सांगून मोकळा होतो.

कॉम्प्युटरच्या आतली कारणं ओळखता येतात. ब्राउझरच्या खाजगी विंडोत साइट उघडली तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा, नाहीतर साठलेल्या जुन्या कुकीजचा असतो. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन कधी कधी अर्जाचं बटणही अडवतं. ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा अनेक साइटवर एकदम दिसू लागला तर आधी तारीख आणि वेळ पाहा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि साइटची प्रमाणपत्रं त्या घड्याळाच्या हिशेबाने अवैध ठरतात. अँटिव्हायरसचं वेब संरक्षणही साइट अडवतं, पण ते सहसा स्वतःची पाटी दाखवतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी नावाचा एक पर्याय असतो. तो तुम्ही चालू केलेला नसताना चालू दिसला तर कुठल्यातरी फुकट सॉफ्टवेअरने तिथे हात घातला आहे असं समजा.

एक कुलूप फार कमी लोकांना माहीत असतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात इटीसी या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल असते. १२७.०.०.१ हा पत्ता लिहून त्यापुढे एखाद्या साइटचं नाव टाकलं, की कॉम्प्युटर ती साइट बाहेर न शोधता स्वतःकडेच शोधतो आणि साइट उघडत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने डिझाइनचं काम शिकण्यासाठी वापरलेला कॉम्प्युटर घेतला होता. विकणाऱ्याने त्यात चोरीचं डिझाइन सॉफ्टवेअर भरून दिलं होतं. पुढे मुलाने सॉफ्टवेअर रीतसर विकत घ्यायचं ठरवलं, तर ते बनवणाऱ्या कंपनीची साइटच उघडेना. दोन दुरुस्तीवाले झाले. शेवटी होस्ट्स फाइल उघडली तेव्हा त्या कंपनीचे डझनभर पत्ते तिथे अडवलेले सापडले. चोरीची प्रत कंपनीला कळू नये म्हणून हा बंदोबस्त कुणीतरी आधीच करून ठेवला होता. त्या ओळी पुसल्या आणि काम झालं. फाइल बदलताना नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

फक्त अँटिव्हायरसच्या आणि विंडोज अपडेटच्या साइट अडत असतील आणि बाकी सगळं नीट चालत असेल, तर मात्र ते व्हायरसचं लक्षण समजायला हवं. २००८ च्या अखेरीस पसरलेला ‘कॉन्फिकर’ हेच करत होता. रोग्याला डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊच द्यायचं नाही, ही त्याची चाल होती. अशा वेळी दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून अँटिव्हायरस पेन ड्राइव्हवर आणून तपासणी करावी लागते.

त्यानंतर येतो राउटर आणि डीएनएस. डीएनएस ही इंटरनेटची फोनवही आहे. आपण नाव टाइप करतो, ती नंबर शोधून देते. वहीत नाव नसेल किंवा नंबर चुकीचा असेल तर साइट जागेवर असूनही सापडत नाही. साधारणपणे ही वही कंपनीच पुरवते. ती बदलून क्लाउडफ्लेअरची १.१.१.१, गूगलची ८.८.८.८ किंवा क्वाड नाइनची ९.९.९.९ लावता येते. मात्र कोणती वही काय करते हे माहीत असावं. क्वाड नाइन धोकादायक समजल्या गेलेल्या साइट स्वतःहून गाळते. क्लाउडफ्लेअरचीच १.१.१.३ ही वही प्रौढांसाठीच्या साइटही अडवते. घरातल्या कुणी मुलांसाठी राउटरवर ती लावली असेल आणि कुणाला सांगितलं नसेल, तर बाकीच्यांना तो बिघाडच वाटणार.

मुलांसाठी गाळणी लावण्याला माझा विरोध नाही. उलट लहान मुलं असलेल्या घरात ती हवीच. पण गाळणीला अक्कल नसते. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या मधल्या अक्षरांत गाळणीला एक अश्लील शब्द सापडला होता. शब्द पाहून न्याय करणारं यंत्र स्तनांच्या कर्करोगाची माहितीही अश्लील ठरवू शकतं आणि दहशतवादाच्या विरोधात लिहिलेला लेखही धोकादायक ठरवू शकतं. वयात येणारी मुलगी तिच्या शरीराविषयी वाचायला जाते आणि दार बंद दिसतं, तेव्हा दोष आपल्यातच आहे असं तिला वाटू शकतं. म्हणून घरात गाळणी लावा, पण ती लावली आहे हे मुलांना सांगा, का लावली ते सांगा आणि चुकीचं अडलं तर कुणाला सांगायचं तेही सांगा. अडवणारा आपला असला तरी त्याने कारण द्यायला हवं.

हाच नियम घराबाहेर लावून पाहिला की खरी अडचण लक्षात येते.

घरातली तीन कुलपं उघडली आणि तरीही साइट उघडली नाही, तर प्रश्न कंपनीचा, सरकारचा किंवा साइटचा असतो. ‘४०३ फॉरबिडन’ असं दिसलं तर सहसा साइटपर्यंत आपण पोहोचलो आहोत आणि तिनेच नकार दिला आहे. अनेक सरकारी साइट परदेशातून आलेली विनंती नाकारतात. रत्नागिरी-रायगडचे आखातात काम करणारे आपले लोक तिथून गावाकडच्या कामासाठी सरकारी पोर्टल उघडायला जातात आणि अडतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. इथे बसून व्हीपीएन चालू ठेवलं तरी तेच होऊ शकतं. म्हणून सरकारी अर्ज भरताना आधी व्हीपीएन बंद करून पाहावं.

आता उरते खरी बंदी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ सरकारला साइट अडवण्याचा अधिकार देतं. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केलं, पण ६९ अ कायम ठेवलं. आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं, हा न्यायालयाचा एक आधार होता. अडचण अशी की त्याच नियमांतला नियम १६ तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. ज्या आदेशाची प्रतच मिळत नाही त्याला आव्हान कसं द्यायचं? हुंड्याच्या प्रथेची खिल्ली उडवणारी ‘डावरी कॅल्क्युलेटर’ ही एका पत्रकाराची साइट २०१८ मध्ये अडवली गेली. तिच्या मालकाला बंदीच्या आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐका, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं ते मे २०२२ मध्ये. साइट बनवणाऱ्याची ही स्थिती असेल तर वाचकाला कोण विचारतो?

बंदी नेहमी नेमकी असते, असाही अनुभव नाही. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयाशी संबंधित एका छोट्या याहू ग्रुपला अडवायचं होतं. कंपन्यांनी सगळे याहू ग्रुप्स अडवले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर मोजक्याच पानांची यादी आली आणि कंपन्यांनी सगळं ब्लॉगस्पॉट बंद केलं. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइटच्या यादीत प्रोग्रॅमरांची गिटहब आणि व्हिडिओंची विमिओ होती. ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश निघाला. त्यातल्या अडीच हजारांहून अधिक पत्त्यांत इंटरनेट आर्काइव्हही सापडलं. जुनी उर्दू आणि मराठी पुस्तकं तिथे फुकट वाचायला मिळतात. २०२२ मध्ये घराघरांत असलेल्या व्हीएलसी प्लेअरची अधिकृत साइट अनेकांकडे काही महिने उघडत नव्हती. साइटवाल्यांनी कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये ती मोकळी झाली. यातलं एकही प्रकरण फक्त मुसलमानांपुरतं नव्हतं. ‘हे आपल्यासाठीच आहे’ असं गृहीत धरल्याने या प्रश्नावर सोबत येऊ शकणारे कितीतरी लोक आपण स्वतःहून दूर ठेवतो.

या सगळ्यात एक तांत्रिक बदल झाला आहे, त्याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. पूर्वी बहुतेक साइट साध्या एचटीटीपीवर चालत. अडवलेली साइट उघडली की ‘दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार बंद’ अशा अर्थाची पाटी दिसायची. वाईट का होईना, उत्तर होतं ते. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत. पाकीट सीलबंद असतं, पण पाकिटावरचं साइटचं नाव बहुतेक वेळा कंपनीला वाचता येतं. नाव पाहून कंपनी जोडणीच तोडते. सीलबंद पाकिटात स्वतःची पाटी घालता येत नाही, म्हणून पडद्यावर फक्त ‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ किंवा ‘कनेक्शन वॉज रीसेट’ उमटतं. डीएनएस बदलूनही अशी साइट उघडत नाही. याचा परिणाम असा की बंदी आणि बिघाड यांचा चेहरा आता एकसारखा झाला आहे. वाचकाला वाटतं वायर सैल झाली. सरकारला उत्तर द्यावं लागत नाही, कारण प्रश्नच विचारला जात नाही. आणि दुसरीकडे खरोखर वायर सैल असते तेव्हा अफवा पसरते की बंदी आली. गोपनीयतेने अफवा थांबत नाहीत, उलट वाढतात.

यावर मार्ग नाही असं नाही. कायदेशीर कारणाने पान अडवलं आहे हे सांगण्यासाठी इंटरनेटच्या मानकांत २०१६ पासून ४५१ हा वेगळा क्रमांक आहे. रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तकं जाळण्यावरच्या कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे. सीलबंद जोडणी मध्येच तुटली तर तो दाखवता येत नाही, हे खरं. पण कंपनीने स्वतःच्या साइटवर अडवलेल्या पत्त्यांची शोधता येणारी यादी ठेवायला तांत्रिक अडचण कुठली? साइटचं नाव टाका, ‘अडवली आहे’ किंवा ‘अडवलेली नाही’ एवढं कळू द्या, आणि आदेश कुणाचा व कोणत्या तारखेचा ते लिहा.

हे मागणं अवाजवीही नाही. काश्मीरच्या इंटरनेटबंदीवर अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील. त्यानंतर तिथे आधी फक्त १५३ साइटची परवानगीची यादी आली, म्हणजे यादीत नाही ते सगळं बंद. वाईट यादी, पण छापलेली होती, म्हणून लोकांना तिच्यावर बोट ठेवून बोलता आलं. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये इंटरनेट बंद झालं तेव्हा ते बंद आहे हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. अख्खं इंटरनेट बंद करताना आदेश जाहीर करायचा आणि एक साइट बंद करताना मात्र लपवायचा, हा उलटा न्याय आहे.

व्हीपीएनबद्दल दोन शब्द. साइट अडली की पहिलं दिसेल ते फुकट व्हीपीएन टाकायचं, हा आपल्या पोरांचा ठरलेला उपाय. पण फुकट देणारा आपला सगळा प्रवास पाहू शकतो आणि त्यातूनच कमाई काढू शकतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने व्हीपीएनवर बंदीचे आदेशही काढले आहेत. व्हीपीएनचे रास्त उपयोग आहेत, पण त्याने रोग कळत नाही. साइट का अडली हे न शोधता वळसा घालून जाणं म्हणजे उत्तर मागण्याचा हक्क आपण होऊन सोडून देणं.

म्हणून साइट अडली तर तिचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ आणि पडद्यावरचा मजकूर यांचा फोटो घ्या. मोबाइल डेटावर काय दिसलं ते लिहा. दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट असलेल्या मित्राकडे काय दिसलं तेही लिहा. कंपन्या एकसारख्या अडवत नाहीत, त्यामुळे हा पुरावा मोलाचा असतो. मग कंपनीकडे लेखी तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि प्रश्न एकच विचारा: ही साइट तुम्ही अडवली आहे का, असल्यास कुणाच्या आदेशाने? उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जा. मग दूरसंचार विभागाकडे माहितीचा अधिकार वापरा. गोपनीयतेचं कारण देऊन नकार येऊ शकतो. येऊ द्या. लेखी नकार हाही एक कागद असतो आणि पुढच्या माणसाला तो उपयोगी पडतो.

आपल्या मोहल्ल्यांत वाचनालयं आहेत, अभ्यासिका आहेत, उन्हाळ्यात कॉम्प्युटरचे वर्ग भरतात. तिथे टायपिंग आणि एक्सेलबरोबर एक तास यासाठी द्यावा. होस्ट्स फाइल, प्रॉक्सी, डीएनएस, तक्रार अर्ज. दहावीच्या मुलाला हे एका दुपारी समजतं. असं शिकलेली दहा मुलं एका वस्तीत असतील तर अर्जाच्या मुदती चुकणार नाहीत, खोट्या खबरा कमी होतील आणि खरी बंदी आली तर ती अंधारात राहणार नाही.